गोड भिंत

टण्ण!

स्टीलची वाटी लादीवर पडली, गरगरत कठड्याला जाऊन टेकली आणि दौलतशेठच्या चाळीतली शांतता फुटली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत श्वास रोखून उभी असलेली सगळी माणसं एकदम वळली. वाटी सुटली होती सहा वर्षांच्या सुमीच्या हातातून. तिची आई मालू ओशाळून खाली वाकली. "माफ करा हां. हल्ली हिच्या हातात काही राहतच नाही."

भिंतीपुढे बसलेले पावलेबाबा रागावले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी एक बोट वर केलं. "पडली नाही, माई. देवीनं मागून घेतली! आईला भूक लागलीय!"

"अगंबाई, घेतली!" शेजारच्या रंगूबाई पुटपुटल्या, आणि गर्दीचे हात जोडले गेले.

"पाताळातून निघाली! कल्याणच्या खाडीत नाहली! दौलतशेठच्या भिंतीत राहिली!" बाबांनी सूर लावला. खाडीचं ते पाणी ज्यानं पाहिलंय त्याला देवीची दयाच यावी. पण तसं म्हणायची तिथं कुणाची टाप नव्हती. बाबांनी भगवी शाल भिंतीवर धरली, तिच्याआड कमंडलूत हात बुडवला, पुटपुटत भिंतीला टेकवला आणि शाल झटक्यात ओढली. पांढऱ्या भिंतीवर नुसती ओल होती. ती तपकिरी झाली. मग काळी. बघता बघता दोन इवलीशी पावलं उमटली, पाचही बोटांसकट. धुपाच्या ढगातून कुजक्या अंड्यांचा भपकारा आला.

"हा पाताळाचा वास!" कुणी नाक धरायच्या आत बाबांनी सांगून टाकलं.

मग प्रसाद. पावलांच्या बाजूची भिंत बाबा चाकूनं खरवडायचे आणि तो पांढरा भुगा चिमूटचिमूट वाटायचे. "चाखा! उभ्या जन्मात कधी भिंत गोड लागली होती का?" आणि खरंच, ती भिंत गोड होती. किंचित, पण गोड.

"नको ना आई," सुमी म्हणाली. "पोटात दुखतं."

"दुखतंय म्हणूनच घ्यायचा. आ कर." मालूनं चिमूट तिच्या जिभेवर सोडली. मागून मालूच्या सासूबाई जनाबाईंनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी गो बाय माझी!"

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. चाळ त्याच्या कितीतरी आधीची, इंग्रजांच्या वेळची. सागवानी खांब, जाडजूड दारं, आणि दारांवर-भिंतींवर एकावर एक चढलेले तेलरंगाचे थर. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा दौलतशेठनं चाळ रंगवायला मारुती कंत्राटदाराला बोलावलं. मारुतीची माणसं दिवसभर कोरडाच रंग खरवडायची. निघाला नाही तर ज्योतीनं भाजून काढायची. सगळ्यात खाली जुना पांढरा थर लागला. त्याची धूळ पिठासारखी उडायची. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, पाण्याच्या हंड्यावर बसायची, भाताच्या पातेल्यातही जायची. खिडकीच्या फळीवर तर इतकी साचायची की सुमी तिच्यात बोटानं आपलं नाव लिहायची. सुमती. नुकतीच लिहायला शिकली होती ती. लिहून झालं की बोट चाटायची. मालूला केवढं कौतुक! नवरा, नाथा, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून पाळी संपवून आला की त्याला ओढत नेऊन दाखवायची, "बघा, लेकीनं खिडकीची पाटी केलीय!"

मग चाळीतली पोरं एकेक करून पोट धरून बसायला लागली. चेहरे पांढरेफटक, खाणं नको, खेळणं नको. बायकांनी कुरकूर केली, शेठ, हे काम थांबवा. त्यानंतर लगेच शेठ पावलेबाबांना घेऊन आले. बाबांनी भिंत हुंगली आणि निदान केलं: देवी रंगाखाली कोंडली होती, आता मोकळी झालीय, पोरांना हाका मारतेय. पोटदुखी म्हणजे तिची हाक! कुरकूर थांबली, आरती सुरू झाली. शेठचं खरवडणंही चालूच राहिलं. आता तर ते पुण्यकर्मच झालं होतं.

वाटी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुमीच्या हातातून पेन्सिल पडली. मालूनं उचलून दिली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा सुमीनं ती उचललीच नाही, नुसती लोंबणाऱ्या मनगटाकडे बघत बसली. सासूला भाजी आणते म्हणून सांगून ती पोरीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली.

दवाखान्यात डॉक्टर गद्रेबाई होत्या. आठवड्यातले काही दिवस त्या बॅटरीच्या कारखान्यांतल्या कामगारांना तपासायच्या. त्यांनी सुमीचा ओठ वर केला आणि हिरडीवरची निळसर रेघ निरखली.

"घरात काही काम चाललंय का?"

"रंगकाम. सगळ्या चाळीचं."

"आणि ही काय खाते?"

"काय खाते कसली! जेवतच नाही. एवढा प्रसाद तेवढा घेते." मालूनं पदराच्या गाठीतली पुडी सोडली.

बाईंनी तो भुगा बशीत घेतला, एका बाटलीतला थेंब त्यावर सोडला. पांढऱ्याचं तपकिरी झालं. तपकिरीचं काळं. आणि तो वास आला.

मालू ताडकन उठली. "हे तर बाबांचं तीर्थ! तुमच्याकडे कसं?"

"कसलं तीर्थ? फोटो स्टुडिओत, रंगाच्या कारखान्यात मिळतं हे. गंधकाचा क्षार आहे, पाण्यात विरघळवलेला. शिशावर पडलं की काळं होतं. बॅटरीत शिसंच असतं, तिथल्या कामगारांना मी हेच दाखवते. कितीही हात धुतले म्हणाले तरी थेंब टाकला की पंजा काळा." "जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं. आणि शिसं हे विष आहे. लहान मुलांना तर फारच."

"पण गोड लागतं हो ते!"

"शिसं गोडच लागतं."

मालू पुन्हा बसली. तिनं सुमीचं बोट, ते चाटायचं बोट, आपल्या मुठीत धरून ठेवलं. मग म्हणाली, "बाई, गुरुवारी बाबा येतात, तेव्हा आमच्याकडे याल? मी बोलले तर सासूसुद्धा ऐकायची नाही."

"येते. त्या शेठना आणि कंत्राटदारालाही थांबवून ठेवा. माझं खरं काम त्यांच्याशी आहे."

गुरुवारी गॅलरी गच्च भरली. बाबांनी शाल उचलली तशी मालू पुढे झाली.

"बाबा, आज शालीशिवाय दाखवा ना."

"माई, उघडं तेज डोळ्यांना सोसत नाही!"

"बरं. मग माझ्या स्वयंपाकघरात एक पाऊल काढा. गेल्याच दिवाळीला चुना लावलाय, भिंत पांढरीशुभ्र आहे."

"देवी बोलावल्यानं येते होय? तिची जागा तिनं निवडलीय."

"ह्याच भिंतीची?"

"ह्याच! त्रिभुवनात दुसरी नाही!"

मालूनं कमंडलू उचलला. बाबांना कळेपर्यंत ती गॅलरीच्या टोकाला, चाळीच्या संडासापाशी पोचली होती. संडासाचं दारही मारुतीनं पांढऱ्या थरापर्यंत खरवडलेलं होतं. तिनं मूठ तीर्थात बुडवली, दारावर टेकवली, वर बोटांनी पाच टिंबं दिली. चाळीतली प्रत्येक बाई गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत अशीच तर पावलं काढते! सगळ्यांना येणारी गोष्ट, पण भगव्या शालीआड गेली तर एकीलाही ओळखू आली नव्हती.

ओल तपकिरी झाली. मग काळी. संडासाच्या दारावर देवीचं पाऊल, पाचही बोटांसकट.

मागून कुणीतरी खिदळलं, "बाबा, आता नारळ इथं फोडायचा काय?" आणि हसण्याचा फुगा फुटला. फक्त रंगूबाई हसल्या नाहीत. त्या कठड्याला धरून ओकायला लागल्या. त्यांचा नातू दीड वर्षाचा होता; त्याला त्या हा प्रसाद मधातून चाटवत होत्या.

गद्रेबाई गर्दीतून पुढे आल्या, कान धुवायच्या औषधाची बाटली काढली आणि भिंतीवरचं एक पाऊल कापसानं पुसलं. फेस आला. काळं पांढरं झालं.

"देवी गेली!" जनाबाई किंचाळल्या.

"काळा रंग गेला, आजी. विष तिथंच आहे." बाई वळल्या. "तुमच्या बाबांनी एक काम मात्र चोख केलं. ह्या भिंतीत शिसं आहे, हे त्यांनी दर गुरुवारी सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवलं. मी पण हीच परीक्षा करते. ती बघून मी मुलांना लांब नेते. तुम्ही हात जोडून जवळ आणलंत."

बाबांनी गर्दीकडे पाहिलं आणि शाल तिथंच टाकून जिना उतरले.

"अहो बाई," दौलतशेठ पुढे आले, "माझे आजोबा ह्याच चाळीत वाढले. नव्वदीला गेले!"

"आजोबांच्या वेळी रंग भिंतीवर होता, शेठ. तुम्ही तो हवेत आणलात. भिंत नुसती असते तेव्हा फारशी मारत नाही, ती कशी उघडायची ते कळलं नाही तर मारते. मारुती, तुम्हीही या पुढे. आधी पाणी मारायचं, मग खरवडायचं. भाजायचं तर नाहीच, तो धूर सगळ्यात वाईट. खाली प्लॅस्टिक अंथरून भुगा त्यातच गुंडाळायचा, झाडूऐवजी ओलं फडकं. आणि काम पुरं होईस्तोवर त्या खोलीत मूल फिरकता कामा नये."

"बाई, असं करत बसलो तर लग्न होऊन बारसं यायचं!" मारुती हसला.

"कामाचे कपडे घरी नेता?"

"मग? ठेवणार कुठं?"

"मुलं आहेत?"

"दोन."

"त्यांचं पोट दुखतं?"

मारुतीचं हसू जागीच वाळलं. त्यानं आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. तो सकाळी निळा होता. पुढच्या दिवसापासून त्याची माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन यायला लागली, एवढं मात्र खरं.

तुम्हाला वाटेल, चाळ शहाणी झाली. थोडी झाली. दौलतशेठनं लग्नाआधी त्या भिंतीवर गुलाबी रंग चढवला आणि वर गणपतीची तसबीर लावली. जनाबाईंनी प्रसादाची पुडी देव्हाऱ्यामागे लपवली होती. मालूनं ती काढून गाडून टाकली, त्या दिवसापासून सासू सुनेशी नीट बोलली नाही. आणि पावलेबाबांना विठ्ठलवाडीकडे दुसरी भिंत सापडली म्हणे. तिथंही गर्दी होते. तिथंही पोरं आहेत.

मालू भेटेल त्याला सांगते. हात जोडायला माझी ना नाही. पण जोडायच्या आधी एकदा विचारा, हेच पाणी संडासाच्या दारावर टाकलं तर काय होईल? ज्याला ह्या प्रश्नाचा राग येतो त्याच्या हातचं आपल्या लेकराला काही चाटवू नका.

सुमीला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ठेवावं लागलं. सुया टोचून टोचून दंड काळेनिळे झाले. रक्त सुधारलं, गालांवर थोडा रंग आला, मनगटही हळूहळू वळायला लागलं. "रक्तातलं आपण काढलं," गद्रेबाई म्हणाल्या होत्या, "डोक्यात जे गेलं त्याचं..." आणि वाक्य तिथंच सोडून त्यांनी मालूच्या खांद्यावर हात ठेवला होता.

आता खिडकीची फळी स्वच्छ असते. मालू ती रोज ओल्या फडक्यानं दोनदा पुसते. एका दुपारी सुमी तिथंच पाटी घेऊन बसली होती. खडू धरला होता, नीट धरला होता. एक उभी रेघ ओढली, पुसली. आडवी ओढली, पुसली. मग मान वर करून, अगदी सहज, खेळणं हरवल्यासारखं तिनं विचारलं,

"आई, मला माझं नाव लिहिता येत होतं ना गं? मग ते कुठं गेलं?"