सेव्ह करायचं का, विचारणारी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. भिंतीवरची नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. फॉर्ममध्ये काही बदललं आणि सेव्ह न करताच तुम्ही तो बंद करायला निघालात, की मी आडवी येते. ‘बदल सेव्ह करायचे का?’ एवढंच विचारते. माझ्या कुशीत दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नको’.

माझा जन्म एका हॉस्पिटलात झाला, तोही घाईत. प्रोग्रामरने मला एकच शिकवलं, फॉर्मला हात लागला की ओरडायचं. खरंच काही बदललं का, हे बघायला शिकवलंच नाही. मग काय, कोणी एक अक्षर लिहून खोडलं तरी मी हजर. एकदा कीबोर्डवर माशी बसली, तर मी सतरा वेळा उगवले. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग सगळ्या नर्स कंटाळल्या. वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर तर मला न वाचताच ‘नको’ दाबायच्या. वर म्हणायच्या, “आल्या बघा भोचक आत्याबाई.” मी हसण्यावारी न्यायचे, पण मनात यायचं, खरंच काही बदललेलं असेल, तेव्हा माझं कोण ऐकणार?

एक दिवस एक आजोबा दाखल झाले. सोबत त्यांची लेक. तिने सांगितलं, की मागे एका इंजेक्शनने बाबांचा गळा सुजला होता, जेमतेम वाचले. सिस्टरनी ॲलर्जीच्या रकान्यात त्या औषधाचं नाव लिहिलं. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली, आणि त्या फॉर्म बंद करायला गेल्या. मी जिवाच्या आकांताने उगवले. पण माझे शब्द तेच, रोजचेच. त्यांचं बोट सवयीने ‘नको’वर पडलं.

रकाना कोरा झाला. हे मला एकटीलाच माहीत.

तासाभराने डॉक्टरांनी फॉर्म उघडला, कोरा रकाना पाहिला आणि नेमकं तेच इंजेक्शन लिहिलं. वर सेव्हही केलं, त्यामुळे मला उगवायला निमित्तच उरलं नाही. सिस्टर सुई भरत होत्या आणि मी काचेआड दातखीळ बसल्यासारखी.

त्या ट्रे घेऊन निघाल्या तशी लेक पुढे आली.

“ताई, बाबांच्या त्या औषधाचं लिहिलंत ना?”

“तुमच्यासमोरच लिहिलं की हो.”

“मला दाखवा. वाचते आणि मग गप्प बसते.”

सिस्टर जरा चिडूनच वळल्या. फॉर्म उघडला. मग ट्रे अगदी हळू खाली ठेवला, जणू त्यात साप होता.

“बाई, तुम्ही विचारलंत म्हणून,” एवढंच त्या बोलल्या आणि तो रकाना पुन्हा भरायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोग्रामरला माझ्यासमोर उभं केलं. म्हणाल्या, चूक माझी आहेच, पण ही दिवसातून शंभरदा खोटं ओरडते, हिला आधी शहाणी कर. आता फॉर्म उघडला की मी त्याची एक नक्कल जवळ ठेवते आणि बंद करताना दोन्ही ताडून बघते. सारखंच असेल तर चिडीचूप. फरक असेल तरच येते, आणि नाव घेऊन सांगते, ‘ॲलर्जीचा रकाना बदलला आहे.’ ‘नको’ जाऊन तिथे ‘बदल टाकून द्या’ आलंय.

तरी मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. मी कोणाचा हात धरू शकत नाही, फक्त विचारू शकते. म्हणून मी आले की दोन क्षण थांबा, मला वाचा. आणि कधी माझ्यासारखी पाटी बनवलीत, तर तिला उगाच ओरडायला शिकवू नका.

थोरल्या सिस्टर आता माझं अक्षर अन् अक्षर ओठ हलवत वाचतात. त्यांचं वाचून होईपर्यंत मी श्वास रोखून धरते.