शिक्का नसलेली पुस्तकं

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी एकोणीस वर्षं काउंटरवर आहे. सकाळी अकरापर्यंत बोलायचं नाही, हा माझा नेम. सगळ्यांना तो ठाऊक आहे. शिपाईदादा तर म्हणतात, "शांतता राखा ही पाटी काढून टाकू या, ताईंनाच दारात बसवू."

त्या दिवशी ग्रंथालय समितीची बैठक नेमकी साडेदहाला होती. इतिहास आणि तत्त्वज्ञानाची चार कपाटं काढून तिथे संगणक मांडायचे होते. यादी मीच केली होती. नियम साधा : पुस्तक घरी नेल्याचा शिक्का दहा वर्षांत पडला नसेल, तर ते रद्दीत.

प्राचार्यांनी यादी चाळत विचारलं, "ही कोणी वाचतं का हो?"

घरी कोणी नेत नव्हतं, हे खरं. पण एक संशोधक मुलगी रोज दुपारी त्यातलीच पुस्तकं टेबलावर घेऊन बसायची. गिरणीतल्या बायकांनी घरी धाडलेल्या जुन्या पत्रांवर तिचा प्रबंध चालला होता. बसल्या जागी वाचलेल्या पुस्तकावर आमच्याकडे शिक्का पडत नाही. संध्याकाळी ती पुस्तकं उचलून परत लावायचे मीच.

मी गप्प राहिले.

नेमाचं निमित्त झालं. आदल्याच आठवड्यात धाकट्या जावेचा फोन आला, तेव्हा सकाळी नऊ वाजता घडाघडा बोलले होतेच की. शिवाय बैठकीचा वृत्तांत मीच लिहीत होते. दोन ओळी खरडून कागद पुढे सरकवायला काय जड होतं? पण आपलीच यादी चुकली, हे चारचौघांत कबूल करणं जिवावर आलं. 'कोणाचीही हरकत नाही,' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

मंगळवारी सकाळी टेम्पो पुस्तकं घेऊन गेला. दुपारी ती मुलगी रिकाम्या कपाटासमोर उभी.

"ताई, माझी पुस्तकं हलवलीत का कुठे?"

मी तिला घेऊन तडक प्राचार्यांकडे गेले आणि पुस्तकं परत मागवा म्हणाले.

"एव्हाना लगदा झाला असेल त्यांचा," ते म्हणाले. "आणि बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. दप्तरात तर कोणी वाचल्याची खूणच नाही."

जिन्यात ती कठड्याला टेकली. "दोन वर्षं मी इथे बसले, आणि दप्तराच्या लेखी मी आलेच नाही. उद्या आमचा विभागही असाच बंद करतील, कोणी शिकत नव्हतं म्हणून." मग माझा हात धरून म्हणाली, "निदान तुम्ही तरी माझ्यासाठी बोललात, ताई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हात तसाच धरून ठेवायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी सांगितलं. यादी, बैठक, ती एक ओळ, सगळं.

तिने हात सोडवून घेतला. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता ती आली की सरळ शिपाईदादांना विचारते, "दादा, जरा बघता का हे पुस्तक आहे का?" त्यांना बिचाऱ्यांना कपाटं ठाऊक नाहीत. ते माझ्याकडे बघतात. मी बोटाने दाखवते.