शेपट्यांचा तारा

चर्रर्र. सुरी ओल्या दांड्यात शिरून सरळ खाली जाते, तेव्हा असा आवाज होतो. मी ऐकलेला तो पहिला आवाज. त्याला बारा वर्षं झाली. अजून तो माझ्यात कुठंतरी आहे.

मी आकाशकंदील बोलतोय. जन्म बहरीनचा, हिद्द गावातला. कोकणात कंदील कळकाच्या कामट्यांचा करतात. इथं कळक कुठला मिळायला? म्हणून शिवदासने खजुराची झावळी आणली, तिचा मधला दांडा उभा चिरला, कामट्या रात्रभर बादलीत भिजवल्या आणि सुतळीने बांधल्या. पाच टोकांचा तारा आणि खाली कागदाच्या लांब शेपट्या. तो मी.

हाडं माझी इथली, पण कातडं कोकणातलं. दिवाळीच्या आधी गावाहून जो कुणी येईल त्याच्या बॅगेत शिवदासची बायको, गोदाबाई, पतंगाचा कागद पाठवते. घडी पडू नये म्हणून लाटण्याला गुंडाळून पाठवते. शिवदासच्या खोलीत आता बारा लाटणी आहेत. रोट्या तो कोपऱ्यावरच्या भट्टीतून आणतो.

तर माझं वय कागदावरून काढू नका. कागद दरसाल नवा असतो.

शिवदास संगमेश्वराकडचा. बस चालवतो. सकाळी कामगारांना हिद्दहून सित्र्याला सोडायचं, संध्याकाळी आणायचं. सव्वीस वर्षं हेच. माणूस कमी बोलतो. बस त्याची नाही, रहिमतुल्लाभाईंची. भाई श्रीवर्धनकडचे, पण जन्म गेला इथंच. दोघं मालक-नोकर आहेत हे सांगावं लागतं, बघून कळत नाही.

दिवाळीत शिवदास मला खोलीच्या दारावर टांगायचा. त्या संध्याकाळी फोन यायचा.

"लावलात काय?"

"लावला."

मग देवदिवाळी झाली की दुसरा फोन.

"उतरवलात काय?"

"उतरवला."

या दुसऱ्या फोनचं गोदाबाईला फार. तिच्या आईने तिला सांगितलं होतं, की देवदिवाळीनंतर कंदील टांगलेला राहिला तर घरचा माणूस वाटेवरच राहतो, घरी पोचत नाही. नवरा परदेशात असलेल्या बाईने अशी गोष्ट ऐकली की ती सोडत नाही.

पहिली सहा वर्षं शिवदास खरं सांगत होता. सातव्या वर्षापासून खोटं.

त्याचं असं झालं. डिसेंबरात एका शुक्रवारी भाई आपल्या घरच्या माणसांना घेऊन नाताळची रोषणाई बघायला निघाले. रिफ्याकडे बंगल्यांच्या मोठ्या वसाहती आहेत. तिथं गोव्याची, केरळची, फिलिपिन्सची, इंग्रजांची घरं. नाताळ आला की प्रत्येक घर आपापल्या परीने नटतं आणि गावभरचे लोक गल्लीगल्लीतून ते बघत फिरतात. मुस्लिम, हिंदू, कुणी कुणाला विचारत नाही.

वाटेत हमरस्त्यावर खांबाखांबाला लाल-पांढरे दिवे होते. भाईंची थोरली बहीण, नूरबानो, काचेला नाक लावून म्हणाली, "बघा, सांताक्लॉजच्या कपड्यांचे रंग! सगळं गाव नटवलंय."

भाई म्हणाले, "आपा, ते झेंड्याचे रंग आहेत. राष्ट्रीय दिवस आहे."

"मग सांताक्लॉजने इथूनच कापड नेलं असेल."

तिच्याशी कुणी वाद घालत नाही.

परत निघताना नूरबानो सापडेना. वसाहतीबाहेरच्या वाळूच्या मैदानात चाळीस-पन्नास बसा उभ्या, सगळ्या पांढऱ्या. ती शेजारच्या बसमध्ये जाऊन बसली होती. ती बस फिलिपिनो गाणाऱ्यांची. त्यांनी तिला चॉकलेट दिलं, ते खात ती आरामात बसली होती. आपली माणसं कुठं गेली, असं तिने एकालाही विचारलं नव्हतं.

भाई शिवदासला म्हणाले, "उद्यापासून बसला काहीतरी खूण लाव. तुझा तो कंदील कुठाय?"

"भाई, देवदिवाळी झाली. आता लावत नाहीत."

"अरे, लोकांना तो ताराच वाटणार. तुझा देव रागावणार नाही, आणि माझ्या अल्लाला आपा माहीत आहे."

मग मी पुढच्या काचेत आलो. सिगारेट पेटवायच्या भोकातून वायर घेऊन शिवदासने माझ्या पोटात बल्ब लावला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "उतरवलात काय?" शिवदासने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उतरवला." दारावरून उतरवला होता, हे खरंच होतं. पण फोन ठेवल्यावर तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

सुखाचे दिवस सुरू झाले माझे. दिवाळीचा कंदील पाच दिवस चमकतो आणि वर्षभर माळ्यावर पडतो. मी मात्र दर डिसेंबरात गावभर फिरायचो. काय काय बघितलं! एका गोव्याच्या म्हाताऱ्याने पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचं दोन पुरुष उंच झाड केलं होतं. एका घरी उंटाच्या गळ्यात दिव्यांची माळ, तो मान हलवी की सगळं घर हलल्यासारखं वाटे. कागदाचे तारे तर दाराआड एक. मी त्यांच्याकडे बघायचो, ते माझ्याकडे. पण त्यांना शेपट्या नसतात. एकदा भाईंची नात उमैमा म्हणाली होती, "अंकल, कट दीज टेल्स, देन इट्स अ रिअल स्टार." शिवदासने फक्त मान हलवली. नाही म्हणून.

यंदा शिवदासचं इथलं संपलं. वय झालं, व्हिसा संपतोय, जानेवारीच्या आत कायमचं गावी जायचं ठरलं. भाई म्हणाले, "जाण्याआधी वहिनीला एकदा बोलव. सुट्ट्या सोडल्या तर सव्वीस वर्षं तिने तुला फोनवरच बघितलंय. तू कुठं राहिलास, ते तिला बघू दे."

गोदाबाई सोमवारी येणार, म्हणून रविवारी शिवदासने मला काचेतून काढलं. कागद चुरगळू नये म्हणून हळूच काढलं आणि शेवटच्या सीटखाली ढकललं. इतक्या वर्षांचं खोटं पंधरा दिवस लपलं की झालं, गावी गेल्यावर कोण विचारतंय, असं त्याच्या मनात असावं. मला राग नाही आला. माणसं भीतीपोटी जे लपवतात, त्यात बहुतेक वेळा प्रेमच असतं.

शुक्रवार आला. सूर्य बुडून मगरीबची बांग झाल्यावर बस भरली. मला सीटखालून पाय दिसत होते. नवी कोल्हापुरी चप्पल घातलेले, टाचांना भेगा पडलेले दोन पाय मी ओळखले. पहिल्यांदाच बघत होतो तरी ओळखले.

उमैमा चढल्या चढल्या ओरडली, "शिवदास अंकल, व्हेअर इज अवर स्टार?"

शिवदासने इंजिन सुरू केलं.

"काय म्हणते पोर?" गोदाबाईने विचारलं.

भाईंना एका क्षणात सगळं उमगलं. म्हणाले, "काही नाही वहिनी, तिला भूक लागलीय."

"आय ॲम नॉट हंग्री!"

"यल्ला, बस खाली!"

गोदाबाईने पिशवीतून लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. मग उमैमानेही विषय सोडला.

रिफ्याला पोचल्यावर सगळे उतरून गल्लीत फिरायला गेले. शिवदास बसपाशी थांबला. तासाभराने एकेक जण परत आला. भाईंची बायको अकीला शेवटी आली, धापा टाकत.

"गोदाताई आल्या का?"

"तुमच्याबरोबर होत्या ना?" शिवदासचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"एका घरापुढं गायीचा गोठा केलाय, आत बाळ ठेवलंय. तिथं त्या उभ्या राहिल्या. मी दोन पावलं पुढं गेले, वळून बघते तर नाहीत. त्या वसाहतीला दोन गेट आहेत हो!"

गोदाबाईकडे फोन नव्हता. इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम. बसचा नंबर इंग्रजीत आणि अरबीत. बाहेर मैदानात पांढऱ्या बसांचा समुद्र. पलीकडे मोठा रस्ता, गाड्या सुसाट.

भाई एका गेटकडे पळाले, अकीला दुसऱ्या. शिवदास जागच्या जागी उभा. त्याचे बूट मला दिसत होते. एकदा पुढं गेले, परत आले. मग बसमध्ये चढले, थेट शेवटच्या सीटपाशी. तो गुडघ्यावर बसला. आमची नजरानजर झाली असं मी म्हणेन.

मला बाहेर काढलं की खोटं उघडं पडणार, हे त्याला कळत होतं. तो त्यावर थांबला नाही.

माझं एक टोक सीटखाली दबून वाकलं होतं. ते सरळ करायलाही वेळ नव्हता. वायर बसच्या टपापर्यंत पुरेना. त्याने खिशातला फोन काढला, त्याची बॅटरी लावली आणि फोनच माझ्या पोटात ठेवला. मागच्या शिडीवरून बासष्ट वर्षांचा माणूस मला एका हातात घेऊन टपावर चढला. काच पुसायच्या काठीला मला बांधलं, आणि काठी दोन्ही हातांनी जेवढी वर जाईल तेवढी वर धरली.

वरून मला सगळं दिसलं. गल्ल्यागल्ल्यांतून हजारो दिवे, शेकडो तारे. त्या गर्दीत मी एक, वाकडा. वारा होता. शेपट्या फडफडत होत्या. मनात म्हटलं, या एवढ्यातून कोण मला ओळखणार? शिवदासचे हात दुखायला लागले असावेत, काठी हलत होती. खाली उतरला नाही.

मग मैदानाच्या अगदी टोकाला, तीन बसांच्या फटीतून, एक हिरवी नऊवारी दिसली. ती चुकीच्या दिशेला चालली होती. थांबली. मान वर केली. मग वळली, आणि बसांमधून वाट काढत सरळ येऊ लागली. कुणाला विचारत नव्हती, इकडंतिकडं बघत नव्हती.

तिने माझ्या शेपट्या ओळखल्या होत्या. शेपट्यांचा तारा नाताळात कुणी लावत नाही.

ती बसखाली येऊन उभी राहिली. शिवदास शिडीवरून उतरला. मी त्याच्या हातात, पोटातला फोन पेटलेलाच. भाई आणि अकीला धावत आले आणि दहा पावलांवर थबकले.

"कुठं गेली होतीस?"

"त्या गोठ्यात गाय बाळाच्या अंगावर पडंल अशी बांधलीय. कुणीतरी सांगायला नको काय? मी त्या घरच्या बाईला सांगत होते. तिला माझं कळंना, मला तिचं." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "हा हितं कसा?"

"दर वर्षी असतो. नाताळ होईपर्यंत. बसची खूण म्हणून." शिवदास खाली बघून म्हणाला. "तुला खोटं सांगत होतो. सहा वर्षं."

गोदाबाई सावकाश म्हणाली, "तरीच. तरीच दर वर्षी पुढच्या वर्षी कायमचा येतो, पुढच्या वर्षी कायमचा येतो."

"वहिनी, तो दोष माझा," भाई म्हणाले. "मीच सोडत नव्हतो याला. खूणसुद्धा मीच लावायला सांगितली."

"तुम्हाला कशाला बोलू भाई? देवदिवाळी तुमची नव्हं."

नूरबानो बसच्या खिडकीतून म्हणाली, "अगं, पण तो नसता तर तूही चॉकलेट खात बसली असतीस!" कुणी हसलं नाही. ती एकटीच हसली.

परतीच्या वाटेवर गोदाबाई शिवदासच्या मागच्या सीटवर बसली. लाल-पांढरे दिवे मागं जात राहिले. ती बाहेर बघत होती. रागावली होती की थकली होती, मला कळलं नाही. शिवदासलाही नाही. आरशातून तो दर वळणावर बघायचा. माझ्याबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही, नंतरच्या आठवड्यातही नाही. शिवदासने तिला हिद्दचा किनारा दाखवला, सित्र्याचा रस्ता दाखवला, भट्टीतली रोटी खायला घातली. ती सगळ्याला चांगलं म्हणाली. बारा लाटणी मोजून मात्र खूप हसली.

आज ते दोघं निघालेत. दुपारचं विमान आहे. बस आता दापोलीकडचा नुमान चालवतो. शिवदास पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसलाय आणि सिग्नल आला की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. मी पुढच्या काचेत आहे, कारण त्या रात्री शिवदासने मला परत तिथं टांगलं आणि नाताळ होऊन गेला तरी मला कुणी हात लावला नाही. कागद फिका झालाय. वाकडं टोक तसंच आहे. पण तब्येत ठीक आहे म्हणायची.

हे दोघं जाण्याआधी नुमानला एवढंच सांगतो, आणि तुम्हालाही. मला तारा म्हणा, कंदील म्हणा, मला दोन्ही चालतं. दिवाळीला लावा, नाताळला लावा. उजेड ज्याला दिसला त्याचा. कागद दर वर्षी कोण पाठवणार, ते माहीत नाही. इथल्या दुकानातला लावलात तरी मी तक्रार करणार नाही. फक्त शेपट्या कापू नका. कुणीतरी त्या बघून येतं.

विमानतळाच्या दारात बस थांबली. सामान उतरलं. शिवदास आत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि सुतळीच्या गाठीला हात घातला. "उतरवतो आता," तो कुणाला उद्देशून म्हणाला कोण जाणे. गाठ अर्धी सुटली होती, तेवढ्यात गोदाबाई पायऱ्या चढून आली. तिने त्याचा हात बाजूला केला. अंगठ्याने माझं वाकलेलं टोक सरळ केलं, सुटलेली गाठ पुन्हा आवळली, तिच्यावर आणखी एक गाठ मारली. मग पदर खोचून ती खाली उतरली आणि दाराकडे चालू लागली.