तळ्यावरचे रविवार

“आता डावीकडे बघा, ही दगड कापायची खोली,” असं म्हणत ती उलट्या पावलांनी दोन पायऱ्या चढली आणि एकदाही मागे न बघता कठड्याला वळसा घालून उभी राहिली. समोरचे वीस-बावीस चेहरे तिच्या पायांकडे बघत होते. दगडांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

“भुताची पावलं उलटी असतात ना?” एका शाळकरी मुलीनं शेजारणीच्या कानात विचारलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“असतात,” ती म्हणाली. “पण भुतांना विद्यापीठ तासाचे पैसे देत नाही. मला देतं.”

सगळे हसले. प्रत्येक घोळक्यात कोणीतरी भुताचं काढायचंच, आणि कोणी नाहीच काढलं तर ती स्वतः काढायची. विनोद जुना झाला होता, पण हसणारे दर वेळी नवे असायचे.

भूशास्त्र विभागाला विद्यार्थी मिळेनासे झाले तेव्हा विभागानं आपल्याच काही मुलांना पगारी कामावर घेतलं. नेमणूकपत्रावर ‘विद्यार्थी-राजदूत’ असा भारदस्त हुद्दा होता. ऑफिसातल्या बाई मात्र तिला सरळ ‘वाटाडी’ म्हणायच्या, आणि तेच नाव पडलं. काम सोपं होतं. पाठीवर ‘मला विचारा’ असं छापलेला पिवळा टी-शर्ट घालायचा, आलेल्यांना विभाग फिरवून दाखवायचा आणि विचारलेल्याची उत्तरं द्यायची. उत्तरं बाईंनी टाइप करून दिली होती. बारा प्रश्न, बारा उत्तरं.

“मुलांना इथे करमतं का हो?” घोळक्यातल्या एका आईनं विचारलं. “एकटं नाही ना वाटत?”

हा सातवा प्रश्न. “पहिल्याच आठवड्यात मैत्री होते,” वाटाडी म्हणाली. “मग सुट्टीत घरी जायचं नाव काढत नाहीत.”

ती आई समाधानानं हसली. वाटाडीही हसली, हसू उत्तरातच धरलेलं होतं.

खरं सांगायचं तर तिच्या वर्गात नऊ जण होते, त्यांतले सात गावातलेच, संध्याकाळी आपापल्या घरी जाणारे. आठव्याला तिचं नावही धड माहीत नव्हतं. काम नसलं की ती कोणाशी बोलायची नाही, कारण कोणी बोलायला यायचं नाही. सोमवारी पहिला घोळका समोर आला की तिला घसा खाकरावा लागायचा. शुक्रवार संध्याकाळपासून तो वापरलेलाच नसायचा. ती एकटी होती, फार एकटी होती. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायलाही कोणीतरी लागतं.

आज शनिवार असूनही काम होतं, कारण विभाग बघायला एक अख्खी शाळा आली होती. नमुन्यांच्या खोलीत मुलं काचेच्या कपाटांभोवती पांगली, तशी ती खिडकीपाशी जाऊन पाणी प्यायली. घोळक्याच्या शेवटी शेवटी चालणारा एक माणूस तिच्याकडे आला. पन्नाशीचा, निळ्या गणवेशातला, बोटात किल्ल्यांचा जुडगा. मघापासून तो दगड सोडून तिच्याकडेच बघत होता, हे तिच्या लक्षात आलं होतं.

“तूच ना ती?” त्यानं खिशातून एक कागद काढून उलगडला. विभागाचं माहितीपत्रक, गेल्या वर्षीचं. घड्या घालून घालून कापडासारखं मऊ झालेलं. “ही तू. आणि ही आमची मुंगी.”

मुखपृष्ठावर चौघं जण पायऱ्यांवर बसून एका दगडाकडे बघत खदखदून हसत होते. फोटोग्राफरनं त्या दिवशी जो येईल त्याला हाताला धरून बसवलं होतं. ‘हसा, जरा चिकटून बसा,’ म्हणाला होता. कानामागे पेन अडकवलेली एक बारकी मुलगी, गणित विभागातली म्हणे, वाटाडीच्या खांद्यावर डोकं टेकून हसली होती. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं आणि चौघं चार दिशांना गेले. तो खांदा नंतर बराच वेळ उबदार राहिला होता, एवढं वाटाडीला आठवत होतं. मुलीचं नाव तिला तेव्हाही माहीत नव्हतं.

“ती तुला चष्मेवालीच म्हणते. नाव विचारलं तर म्हणते, सगळे असंच म्हणतात,” तो आपला बोलतच होता. “ह्या फोटोची मोठी प्रत करून लावलीय आम्ही घरी. पोरी, तुझे उपकार आहेत आमच्यावर.”

“माझे?”

“मग कोणाचे? पहिले दोन महिने फोनवर नुसती रडायची. हिची आई म्हणाली, बस्स झालं शिक्षण, आणा तिला घरी. मीही बॅगा आणायला निघणारच होतो. तेवढ्यात तू भेटलीस तिला.” त्यानं किल्ल्या मुठीत दाबल्या. “मग तो ताप आला. तीन दिवस. आई निघालीच होती, तर मुंगी म्हणते, येऊ नका, चष्मेवाली बसलीय उशाशी. आता दर रविवारी तळ्यावर काय जाता, बदकांना नावं काय ठेवता! आई म्हणते, पोरगी लागली मार्गाला.”

वाटाडीच्या डोळ्यांपुढून बाराही प्रश्न सरकून गेले. ह्याला उत्तर त्यांत नव्हतं. ‘मी तिला ओळखत नाही, काका.’ खरं बोलायला एवढं पुरलं असतं. मग हा माणूस तडक हॉस्टेलवर गेला असता आणि संध्याकाळी ती मुलगी बॅगा घेऊन घरच्या वाटेला लागली असती. तीन दिवसांच्या तापात त्या खोलीत तिच्या उशाशी कोणीही नव्हतं, हे वाटाडीला लख्ख कळलं.

“बरी आहे ना ती?” त्यानं आवाज खाली आणला. “खरं सांग हं. फोनवर सगळं छानच असतं.”

“बरी आहे, काका.” छापील खोटं ती रोज बोलत होती, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. हे स्वतःचं होतं आणि ते जिभेला बोचलं. “तुम्ही भेटला नाहीत तिला?”

“सांगितलंच नाही तिला. ह्या पोरांची बस घेऊन आलोय.” त्यानं गणवेशाच्या खिशावरचं कंपनीचं नाव तळहातानं झाकल्यासारखं केलं. “तिच्या एवढ्या मैत्रिणी, त्यांच्यासमोर बाप ह्या अवतारात… नको. लांबून कॉलेज बघितलं, झालं. तुला बोललीय का ती, मी काय करतो ते?”

“बोललीय ना,” वाटाडी म्हणाली, आणि पुढचं तिच्या तोंडून आपोआप आलं. “म्हणते, आमच्या बाबांनी ब्रेक मारलेला गाडीतल्यांना कळतसुद्धा नाही.”

तो हसायला गेला, पण ते जमेना. वळून त्यानं कपाटाची काच बाहीनं पुसली. काच स्वच्छच होती.

“असं म्हणते?”

“नेहमी.”

जाताना त्यानं बसमधून एक पुडकं आणून तिच्या हातात दिलं. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड होते, मुंगीच्या आईनं विणलेले. पोस्टानंच पाठवायचं म्हणून वर पूर्ण पत्ता घातलेला होता, खोली नंबरासकट.

“वॉचमनकडे ठेवणार होतो. आता तू भेटलीस, तर तूच दे. एक जोड तुझा आहे. माप मुंगीनंच कळवलं.”

मुलं चढली, बस सुरू झाली. फाटकापाशी ती वळली तेव्हा थांबल्याचं आणि निघाल्याचं खरंच काही कळलं नाही.

वाटाडीनं ऑफिसात जाऊन सही केली. बाई म्हणाल्या, “शर्ट तरी बदल, सुटलीस की आता.” ती तशीच निघाली. वाटेत बाकावर बसून तिनं एक मोजा पावलाला लावून बघितला. दोन बोटं मोठा होता. ती बराच वेळ तिथे बसून राहिली. पुडकं वॉचमनकडे देऊन मोकळं होता आलं असतं. हॉस्टेलच्या फाटकातला वॉचमन तिच्याकडे बघतही होता. ती त्याच्यासमोरून आत गेली आणि तीन मजले चढली.

दार वाजवल्यावर आत खुर्ची सरकली. मग काहीच नाही. तिनं पुन्हा वाजवलं. दार चार बोटं उघडलं. कानामागे पेन.

मुंगीनं आधी पिवळा शर्ट बघितला, मग चष्मा, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“तुझे बाबा आले होते,” वाटाडी म्हणाली. “शाळेची बस घेऊन. आमचा विभाग बघून गेले.”

मुंगीची नजर पुडक्यावरच्या अक्षरावर गेली आणि तिथेच राहिली. दार तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. खोलीत एकच कप, एकच खुर्ची आणि खिडकीला टेकून उभा केलेला तोच फोटो वाटाडीला दिसला.

“तू… काय सांगितलंस त्यांना?”

“काय सांगणार? ताप उतरेपर्यंत मीच होते ना उशाशी.”

मुंगीचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिला जागाही नव्हती.

“मोजे मला मोठे होतात,” वाटाडी म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिनं पुडकं छातीशी धरलं. “आणि उद्या रविवार आहे. आपण तळ्यावर जातो म्हणे. किती वाजता निघतो?”

मुंगीनं घसा खाकरला. एकदा, मग पुन्हा.

“नऊला,” ती म्हणाली. “पण तू नेहमी उशीर करतेस.”