वेशीवरचा सिंह

"ताई, घात झाला!" धाकटी एवढ्यांदा किंचाळली की ताईच्या हातातली कात्री खाली पडली.

शहराचा नवा झेंडा टेबलावर पालथा पडला होता. दोन्ही बाजूंना शहराचं मानचिन्ह, दगडी वेस आणि तिच्यावर उभा पिवळा सिंह. कुठूनही बघा, सिंहाचं तोंड काठीकडेच हवं, हा शिरस्ता. आणि या धाकट्या बाईसाहेबांनी काय केलं? एकाच साच्यावरून दोन्ही सिंह एकाच दिशेला तोंड करून कापले. झालं! पुढचा काठीकडे बघतोय आणि मागच्याने काठीला शेपूट दाखवलेली.

"पळ काढतोय की गं हा!" मागच्या सिंहावरून बोटं फिरवत ताई चक्क हसायला लागली.

"हसतेस काय? दुपारी चढवायचाय!"

आजवरचे सगळे झेंडे ताईच्या हातचे. आता तिला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून पहिल्यांदाच सगळं धाकटीवर आलेलं. हिला काय झेपणार, छापूनच घेऊ या, अशी नगरभवनात कुजबुज होतीच. आज फजिती झाली की झेंड्याचं काम दोघींच्या शिवणाच्या दुकानातून कायमचं गेलं.

"थोडं तरी तू शीव ना गं."

"एक टाका घालणार नाही. झेंडा तुझा आहे. उसव!"

धाकटीने दातओठ खात सिंह उसवला, उलटा करून पुन्हा लावला. डोळा, मिशा, आयाळ, सगळं भरतकाम नव्याने! ताई कापड ताणून धरत होती, बोटाने चाचपत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच. "आयाळ आहे ती, केरसुणी नाही! आवळ टाका!" शेवटची गाठ मारली आणि दोघी धावत सुटल्या.

नगरभवनासमोरच्या चौकात हीऽऽ गर्दी! झेंडा दोरीला बांधायचा मान शिवणाऱ्याचा. नगरभवनाच्या कारभाऱ्यांनी सवयीने दोरी ताईपुढे धरली. ताईने हात मागे घेतले.

"माझा एक टाका नाही यात. हिला द्या."

कारभाऱ्यांनी झेंडा उलटसुलट करून बघितला. नावं ठेवायला जागाच नव्हती. धाकटीने गाठ मारली. दोरी ओढली, वारा भरला आणि सिंह काठीकडे झेपावला! चौकाने एकच गलका केला. धाकटी तर टुणकन उडालीच.

"ताई, बघितलास?"

ताई मान उंच करून कौतुकाने बघत होती, नगरभवनाच्या घड्याळाकडे.

ताईची नजर कुठे लागलीय ते धाकटीने वळून बघितलं. तिने हळूच ताईची हनुवटी धरली आणि झेंड्याकडे वळवली.

"हा काय! दिसला गं, दिसला," ताई म्हणाली. "झकास शिवलायस!"