शेळीवाल्यांचा कॉन

हॅमच्या सँडविचच्या कडा वाळून वर वळल्या, तरी दारात कुणी आलं नव्हतं.

आतल्या खोलीत नोनीचा भाऊ कॉन नवा सूट घालून, बोटांत जपमाळ गुंडाळून शवपेटीत पडला होता. डोंगराच्या टोकावरच्या त्या घरात रिकाम्या खुर्च्यांमध्ये नोनी एकटीच बसली होती. पायांत गोळे आले होते. त्याला उठवणं, भरवणं, पुसणं, वर्षानुवर्षं तिनेच केलं. आता चार माणसांनी येऊन त्याच्यापाशी बसावं आणि तिला ‘दमलीस गं बाई’ एवढं म्हणावं, इतकीच तिची इच्छा होती. मेल्या गावाला तेवढंही जमू नये?

दुपार कलताना शेजारचा जेर लाउनी आला, तोही मेंढी शोधत.

“नोनी, माझी एक मेंढी तुमच्या कुंपणात... अगं, मेणबत्त्या कसल्या?”

“कॉन गेला. सकाळी रेडिओवर सांगितलं की!”

जेरने टोपी काढली. “सांगितलं गं, पण नुसतं कॉर्नेलियस ओ'सलिव्हन म्हणाले. या डोंगरात दगड भिरकावला तर ओ'सलिव्हनलाच लागतो, आणि त्यातले निम्मे कॉर्नेलियस, म्हणजे कॉन! आम्ही सगळे केक घेऊन गिरणीवाल्या कॉनकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. असला खवळला म्हणतेस! घराण्याचं टोपणनाव लावून ओ'सलिव्हन शेळी का नाही म्हणालीस?”

बातमीत शेळी नको, असं अंत्यविधीवाल्याला नोनीनेच बजावलं होतं. शाळेत पोरं मागून बेंऽऽ करायची. कॉन उलट बेंऽऽ करून हसायचा, ती रडत घरी यायची. जाताना तरी भावाला माणसाचं नाव मिळावं, असं तिला वाटलं होतं.

“लाज वाटते मला त्या नावाची,” ती म्हणाली.

“लाज? अगं, बटाटे कुजले त्या दुष्काळात थकलेल्या खंडापायी वसुलीवाला शेळी न्यायला आला, तेव्हा तुझ्या खापरपणजीने शेळीला टोपरं घालून अंथरुणात निजवलं. म्हणाली, सासूला ताप आलाय, जवळ याल तर तुम्हालाही लागेल. पळाला की तो! तेव्हापासून तुम्ही शेळीवाले, आणि तिच्याच दुधावर आमचा खापरपणजा जगला. नाहीतर मी कुठला येतोय मेंढी शोधायला?”

दोन घोट पोटात गेले की कॉन हीच गोष्ट सांगायचा. नोनीला ती त्याची थाप वाटायची. लाउनींच्या घरातही ती सांगतात, हे तिला आज कळलं. आपण आपल्याच हाताने भावाला बेवारशी केलं होतं.

तिने रेडिओवाल्यांना फोन लावला.

“ओ'सलिव्हन शेळी,” ती म्हणाली. “हो बाई, शेळीच. दूध देते ती.”

संध्याकाळच्या निधनवार्ता संपतात न संपतात तोच वाटेवर गाड्यांचे दिवे दिसू लागले. नोनीने सँडविचच्या वाळक्या कडा कापून टाकल्या आणि चहाचं आधण ठेवलं. सगळ्यांत आधी आत आला तो गिरणीवाला कॉन, धडधाकट, हातात केक.

“सकाळी हा माझ्या मरणाचा म्हणून आला होता,” तो म्हणाला. “मान तुमचा आहे.” केक टेबलावर ठेवून त्याने तिचा हात हातात घेतला. “फार दमलीस ना गं, नोनी शेळी?”

“ओ,” नोनी म्हणाली. त्या नावाला तिने आजवर कधी ओ दिली नव्हती.