धुतलेला डबा

२०२२ साली दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली होती. एसटीचा संप मिटून सहा महिने झाले होते, रस्त्यावर पुन्हा लाल गाड्या दिसू लागल्या होत्या. त्या वर्षी मी अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी मेस बारा दिवस बंद ठेवली आणि नांदेडला भावाकडे जाऊन राहिले.

मेस म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. लातूरला ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आमचे हे, रेणुकादास, शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून मी मुलींचे डबे सुरू केले. गावोगावच्या मुली डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला येतात, खोल्या करून राहतात आणि दिवसभर क्लासला बसतात. त्यातल्या चोवीस जणींना माझा डबा जायचा. सगळ्या मला आजी म्हणत.

धाकटा भाऊ श्रीनाथ विष्णुपुरीला राहतो. तिथे बारा दिवस मी गॅससमोर उभी राहिले नाही. वहिनी ताट वाढून हातात देई. सकाळी उठून गोदावरीकडे तोंड करून चहा घ्यायचा, लहानपणीच्या नांदेडच्या गोष्टी काढायच्या, कोण गेलं, कोण कुठे असतं ते मोजायचं. निघायच्या दिवशी एकोणसत्तर वर्षांची मी रिकामी पिशवी घेऊन बसून राहिले.

"श्रीनाथ, अजून दोन दिवस राहू का रे?"

"राहा की ताई. तुझ्या चोवीस पोरी बसतील बिस्किटं खात."

मग मी पिशवी भरली.

गाडी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा खिडकीतून ओळखीचा आवाज आला. "काकू! तुमीच हाव का? लई बरं झालं." किशनराव होते. त्यांची मुलगी शिवांगी सप्टेंबरपासून माझा डबा खात होती. बारावीनंतरच्या नीटच्या परीक्षेत तिला तीनशे बारा मार्क पडले होते, म्हणून वर्षभर पुन्हा तयारी करायला रिपीटर बॅचला घातली होती. किशनरावांची शेती चांगली, बागायती, कशाची ददात नाही. त्यांनी पोरीची बॅग वर ठेवली, फराळाचा डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, "लेकराकडं ध्यान ठेवा, काकू. घरी दहा दिस राहिलं की त्याचा पाय निघंना."

"कुणाचाच निघत नाही," मी म्हणाले. "आठ दिवसांत रमेल."

शिवांगी माझ्या शेजारी बसली. अहमदपूर सोडून दहा मिनिटं झाली असतील, तिच्या गावचा फाटा आला. तिथे मोठी गाडी थांबत नाही, म्हणून तर किशनरावांनी तिला मोटारसायकलवर उलटं अहमदपूरला आणलं होतं. फाट्यावर दोन बांबूंना बांधलेलं मोठं बॅनर होतं. त्यावर पांढरा कोट घातलेली, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली शिवांगी. तोंड तिचं, कोट कुणाचा तरी. 'आमच्या गावची शान, भावी डॉक्टर शिवांगी हिला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली हात जोडलेल्या वीसेक माणसांचे फोटो, मध्ये किशनराव.

"अगं, तूच की ही!" मी मोठ्यानं म्हणाले. पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. शिवांगीनं ओढणी तोंडावर ओढली. मला वाटलं, लाजली.

इथे माझी एक पद्धत सांगायला हवी. सुटीनंतरचा पहिला आठवडा मी मुद्दाम साधा स्वयंपाक करते. वरण-भात, भाकरी, दोडक्याची नाहीतर दुधीची भाजी. मुलींच्या तोंडाला घरची चव असते. त्या आठवड्यात कितीही जीव तोडून काही केलं तरी आईच्या हाताशी तुलना होते आणि डबा परत येतो. साधं दिलं की तुलना होत नाही. भाकरीही एक कमीच घालते. आलेले डबे मी स्वतः उघडून बघते. कुणी भात ठेवला, कुणी भाजी, त्यावरून मला पोरी कळतात. नवव्या दिवशी भरली वांगी करते. वांग्यांची नुसती देठं परत आली की समजायचं, सुटी संपली, पोरी रमल्या.

त्या वर्षी माझीही सुटी अंगातून जात नव्हती. दोनदा मीठ विसरले. कणीक तिंबताना मनगट दुखायचं, आणि सकाळी साडेपाचला कुकर लावताना विष्णुपुरीचा चहा आठवून डोळ्यांत पाणी यायचं. डबे नेहमीसारखे अर्धे भरलेले परत येत होते. उर्वीचा तर भात जसाच्या तसा. उर्वी म्हणजे शिवांगीची रूममेट, सोलापूरकडची, तोंडाची फटकळ.

एकच डबा पहिल्या दिवसापासून रिकामा येत होता. शिवांगीचा. रिकामा आणि स्वच्छ धुतलेला.

अकरा वर्षांत एकाही मुलीनं मला डबा धुऊन पाठवला नव्हता. मी तो हातात धरून यांना दाखवला. "बघा, वळण असावं तर असं."

शनिवारी उर्वी हिशेबाबाहेरचं लोणचं मागायला आली तेव्हा मी तिला ऐकवलं, "शिवांगीकडून शीक जरा. एक शीत टाकत नाही पोरगी."

उर्वी काही बोलणार होती. मग म्हणाली, "हो आजी, ती लई शहाणी आहे," आणि लोणचं घेऊन गेली. त्या वेळी मी तिला थांबवायला हवं होतं.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक. रविवारी किशनरावांचा फोन आला. मी सांगितलं, "अगदी रमली हो. बाकीच्या पोरी रडतायत, तुमची लेक डबा चाटूनपुसून खातीय."

फोनवरच ते कुणाला तरी ओरडून म्हणाले, "ऐकलं का, रमलं लेकरू!" आणि मला म्हणाले, "तुमी सांगितलं म्हणजे खात्री झाली, काकू."

आमचे डबे अमरनाथ रिक्षातून पोचवतो आणि संध्याकाळी गोळा करतो. मंगळवारी डब्यांच्या पिशव्या उतरवताना तो म्हणाला, "काकू, ती अहमदपूरकडची पोरगी क्लासला जात न्हाई का? दोन-तीनदा स्टँडवर बसलेली दिसली. नांदेडच्या गाड्या लागतात तिथं."

"दुसरी कुणीतरी असेल."

"डबा तुमचाच होता. झाकणावर तुमचा नंबर हाय की."

दुसऱ्या दिवशी डबे रवाना करून मी अकरा वाजता स्टँडवर गेले. शिवांगी खांबाला टेकून बसली होती, मांडीवर दप्तर. शेजारी सीताफळं विकणारी एक म्हातारी माझ्या डब्यातली भाकरी कुस्करून खात होती. मी समोर उभी राहिले तशी म्हातारीनं हात थांबवला.

"तुमची नात हाय का? मी रोज म्हनते, बाई, तू खा. तर म्हनती, भूक न्हाई जगदेवी आजी, तुमी खावा. मग नळावर डबा धुऊन आनती."

शिवांगी उठली नाही. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. गुडघे मोडत नव्हते, तरी बसले.

"किती दिवस?"

"आल्यापासून."

"क्लास?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग इथे काय करतेस?"

"गाडी लागली की उठते, आजी. पायरीपर्यंत जाते. मग त्यो फाटा येतो डोळ्यांपुढं." तिनं नाक पुसलं. "बॅनरखालून कसं जाऊ? आणि क्लासमध्ये बसलं की पेपरातलं अक्षर दिसंना. पहिल्या बाकावर बसलं तरी दिसंना. तिकडं जाता येईना, इकडं बसवंना. म्हणून इथं बसते. पाच वाजले की रूमवर जाते."

"पप्पांना सांगितलंस?"

"पप्पा घरात घेतील, आजी. मारणार न्हाईत, बोलणार बी न्हाईत. त्येच लई वाईट हाय." मग तिनं माझा हात धरला. तिची बोटं गार होती आणि इतकी बारीक झाली होती की मला भीती वाटली. "तुमी सांगू नका. मी जाते उद्यापासून क्लासला. देवाशप्पथ."

तेवढ्यात नांदेडची गाडी लागली. शिवांगी गाडीकडे ज्या नजरेनं बघत होती ती मला आवडली नाही. ती पाटी बघत नव्हती, चाकं बघत होती. मी तिला दंडाला धरून घरी आणलं, वरण-भात कालवून समोर ठेवला आणि तिच्यापुढून हलले नाही.

हे म्हणाले, "आपण डबा देतो. आईबाप नाही आपण. पोरगी म्हणतेय जाईन क्लासला, तर एक संधी दे."

मला चौऱ्याहत्तर साल आठवलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लग्नानंतरची पहिली दिवाळी नांदेडला करून मी सासरी परत आले आणि महिनाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. सासरे पत्र वाचून मग पेटीत टाकत, म्हणून मी वडिलांना लिहिलं, खुशाल आहे. शेजारच्या काकू वडिलांना नांदेडला भेटल्या, त्यांनीही सांगितलं, तुमची लेक रमली हो. वडील निश्चिंत झाले. मी नंतर खरंच रमले, संसार केला, यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्या काकूंना मी मनातून कधी माफ केलं नाही. आणि आता तेच शब्द मी किशनरावांना ऐकवून बसले होते.

"मी एकदा तोंड उघडलंय," मी यांना म्हणाले. "आता गप्प बसता येत नाही."

फोन मी शिवांगीच्या समोर लावला. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं दोघं आले, किशनराव आणि शिवांगीची आई साखराबाई. किशनरावांनी चपला काढल्या नाहीत, दारातच उभे राहिले.

"तुमीच म्हणला व्हता ना काकू, रमलंय म्हणून?"

"चुकले मी."

"आमी तुमच्या जिवावर झोपलो रातच्याला! आणि क्लासवाल्यांनी एक फोन करू नये?"

साखराबाईंनी कमरेच्या पिशवीतून साधा फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. क्लासवाल्यांनी रोज मेसेज पाठवला होता, आज गैरहजर, आज गैरहजर. "माझाच नंबर दिलाय तिनं," साखराबाई म्हणाल्या. "रोज टुणटुण वाजायचं. मला वाटलं, कंपनीचं हाय. मला कुठं वाचता येतंय."

किशनराव पोरीकडे वळले. "एवढं काय झालं गं? सांगायला तोंड न्हाई? गावात काय सांगू मी आता? वीस जणांनी वर्गणी काढून लावलंय त्ये बॅनर!"

"मी म्हणले व्हते लावू नका," शिवांगी भिंतीकडेच बघत म्हणाली.

"आनंदानं लावलं की, बाई."

"आनंद तुमचा व्हता, पप्पा."

आतून यांच्या खोकल्याचा आवाज आला. साखराबाई पोरीजवळ जाऊन बसल्या, तिचं मनगट आपल्या दोन बोटांत धरून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी फुडं जावा. आधी त्ये बॅनर काढा. मग मी लेकराला घिऊन येते."

"लोक इचारतील."

"इचारू द्या."

"साखरे, समजून घे जरा. वाढदिवस होऊन पंधरा दिस झाले न्हाईत. आत्ता काढलं तर..."

"मग मी हितंच राहते. काकू, ठिवताल का?"

"ठेवीन," मी म्हणाले.

किशनराव माझ्याकडे अशा काही नजरेनं बघत राहिले, की जणू पोरगी मी त्यांच्यापासून तोडली. मग पाणीही न पिता निघून गेले. दुपारी तीनला साखराबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, "बरं" म्हणाल्या आणि पोरीची बॅग उचलली. जाताना शिवांगी माझ्याशी बोलली नाही. मी तिची शपथ मोडायची संधी तिला दिली नव्हती, तशी पाळायचीही दिली नव्हती.

त्या दिवशी नवव्या दिवसाची वांगी मी करायचीच विसरून गेले. दुसऱ्या दिवसापासून तेवीस डबे भरले. महिनाभर माझा हात चोविसावा डबा खाली घ्यायला जायचा.

आता या सगळ्याला काही वर्षं झाली. उर्वीला पुढच्या वर्षी नांदेडच्या कॉलेजात मेडिकलला प्रवेश मिळाला. जाताना तिनं कबूल केलं, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण मी शिवांगीचं एवढं कौतुक केल्यावर बोलायचं कसं ते कळलं नाही. अमरनाथनं इलेक्ट्रिक रिक्षा घेतली. जगदेवी त्या उन्हाळ्यानंतर स्टँडवर दिसली नाही. चौकशी केली तर कुणी म्हणालं लेकीकडे औशाला गेली, कुणी म्हणालं वारली. हे २०२४ च्या मार्चमध्ये गेले. त्यानंतर मी मेस बंद केली आणि बहुतेक दिवस नांदेडलाच असते.

किशनराव मला एकदा अहमदपूरच्या स्टँडवर दिसले. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली. बॅनर त्यांनी त्या दिवशी एकट्यानं काढलं होतं, भर दुपारी, लोक बघत असताना. ते मला साखराबाईंनी सांगितलं. त्या दर संक्रांतीला आठवणीनं फोन करतात, शेजारच्या पोराकडून नंबर लावून घेऊन.

शिवांगीनं पुन्हा नीट दिली नाही. दोन महिने घराबाहेर पडली नाही, मग अहमदपूरला लॅबचा एक वर्षाचा कोर्स केला. आता लातूरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मला तिनं कधी फोन केला नाही. मागच्या संक्रांतीला मी साखराबाईंना विचारलं, बरी आहे का हो पोरगी. त्या म्हणाल्या, सणासुदीला घरी येती, चार दिस हसून खेळून राहती, आणि जायच्या दिवशी सकाळपासून गप व्हती. मी इचारते, जातीस ना गं? तर बोलत न्हाई. पण जाती.